इलेक्ट्रॉनिक साधनांचे ग्रंथालय-संघ आणि बीड जिल्ह्यांतील महाविद्यालयें

(१) विषयप्रवेश

कै. विश्वनाथ काशीनाथ राजवाडे यांनीं १९०९ सालीं ज्ञानेश्वरीची जी संहिता छापून प्रसिद्ध केली तिला आधार बीड येथील पाटांगणावर मिळालेल्या एका जुन्या पोथीचा होता. ही पोथी एकनाथपूर्वकालीन असल्याचें राजवाड्यांचें मत होतें, व त्या मताविषयीं विद्वानांत पुढें पुष्कळ वाद झाला. परंतु या वादाचा निर्णय ज्या एका वस्तूवरून लागावयाचा ती मूळ पोथीच मागाहूनच्या अभ्यासकांस पाहावयास मिळाली नाहीं. कागद कोणत्या जातीचा, शाई कशी, अक्षराचें वळण कोणत्या शतकांतलें, हे प्रश्न आतां कोणाला विचारावयाचे? महाराष्ट्र शासनानें १९६० सालीं ज्ञानेश्वरीची जी प्रत काढली तीहि राजवाड्यांच्या मुद्रित संहितेवरच आधारलेली आहे. छापील ग्रंथ अनेक ठिकाणीं गेला म्हणून टिकला. पोथी एकाच हातीं होती ती गेली.

साधन एके ठिकाणीं असणें आणि तें अनेकांस उपलब्ध असणें यांत केवढें अंतर आहे हें या एका उदाहरणावरून ध्यानांत येईल. गेल्या वीस-बावीस वर्षांत आपल्या महाविद्यालयांच्या ग्रंथालयांनीं संघ करून नियतकालिकें व ग्रंथ इलेक्ट्रॉनिक स्वरूपांत मिळविण्याची जी पद्धति स्वीकारली आहे, ती हें अंतर कमी करण्याचाच एक प्रयत्न होय. हस्तलिखितांचे संग्राहक व जुन्या कागदपत्रांचे अभ्यासक या पद्धतीकडे सहसा लक्ष देत नाहींत; हा विषय ग्रंथपालांचा, आपला नव्हे, अशी त्यांची समजूत असते. ही समजूत बरोबर नाहीं, असें प्रस्तुत लेखकास वाटतें. संघाची घडण कशी आहे, त्यांतून बीडसारख्या जिल्ह्यांतील अभ्यासकाच्या पदरांत काय पडतें, व काय पडत नाहीं, या तीन गोष्टींचा विचार येथें क्रमानें केला आहे.

(२) संघाची कल्पना

एकाचा ग्रंथ दुसऱ्यानें वापरावा ही कल्पना आपल्याकडे जुनीच आहे. मठामठांतून पोथ्या नकलेसाठीं जात-येत. नकल उतरून घेणारा आपल्या प्रतीचा पूर्ण मालक होई, आणि अखेरच्या पुष्पिकेंत शक, तिथि, स्थळ व लेखकाचें नांव असलें म्हणजे कोणती प्रत कोठून उतरली याचा माग लागे. पुढें धुळ्याच्या सत्कार्योत्तेजक सभेनें शंकर श्रीकृष्ण देव यांच्या परिश्रमानें रामदासी मठांतील बाडें जमविलीं, आणि १९१० सालीं पुण्यास स्थापन झालेल्या भारत इतिहास संशोधक मंडळानें दप्तरांच्या बाबतींत तेंच कार्य मोठ्या प्रमाणावर केलें. मूळ वस्तु एके ठिकाणीं आणावी, तिची सूची करावी, व छापून ती सर्वांस द्यावी, असा त्या काळचा क्रम होता.

आधुनिक ग्रंथालय-संघाचा उगम सूचीपासून झाला. अमेरिकेंतील ओहायो राज्यांतील महाविद्यालयांनीं १९६७ सालीं एक समाईक केंद्र काढलें. एका ग्रंथालयानें एका ग्रंथाची नोंद केली असतां दुसऱ्यानें तीच नोंद पुन्हा करीत बसूं नये, हा त्याचा साधा हेतु होता. १९७१ पासून हें काम संगणकावरून होऊं लागलें, आणि आज जगांतील हजारों ग्रंथालयांची समाईक सूची त्याच केंद्राकडे आहे. आपल्या देशांत १९८८ सालीं दिल्लींतील ग्रंथालयांचें ‘डेलनेट’ नांवाचें जाळें सुरू झालें. सभासद-ग्रंथालयांची एकत्र सूची, आणि सूचींत सांपडलेला ग्रंथ एका ग्रंथालयाकडून दुसऱ्यास उसना मिळण्याची सोय, ही त्याची मुख्य कामें. १९९१ सालीं विद्यापीठ अनुदान आयोगानें ‘इन्फ्लिबनेट’ हें केंद्र स्थापिलें. तें सध्यां गुजराथेंत गांधीनगर येथें आहे.

येथपर्यंत वांटावयाची वस्तु कागदाचीच होती. नियतकालिकें इलेक्ट्रॉनिक स्वरूपांत निघूं लागल्यावर व्यवहाराचें स्वरूप पालटलें. अंक टपालानें ग्रंथालयांत येण्याचें थांबलें; तो प्रकाशकाच्याच संगणकांत राहूं लागला व ग्रंथालयाला तो वाचण्याचा अधिकार तेवढा मिळूं लागला. किंमती भारी, आणि प्रकाशक परदेशचे व थोडे. एकट्या महाविद्यालयानें त्यांच्याशीं दर ठरवूं म्हटलें तर त्याला विचारतो कोण? तेव्हां ग्राहकांनींच एकत्र येऊन सर्वांच्या वतीनें एक करार करावा, हा मार्ग निघाला. तांत्रिक शिक्षणसंस्थांसाठीं २००३ सालीं ‘इंडेस्ट’ हा संघ झाला, विद्यापीठांस ‘यूजीसी-इन्फोनेट’मधून २००४ पासून नियतकालिकें मिळूं लागलीं, आणि २०१० सालीं खास महाविद्यालयांसाठीं ‘एन-लिस्ट’ ही योजना आली. २०१५ अखेर या तिन्ही योजना ‘ई-शोधसिंधु’ या एका नांवाखालीं एकत्र आल्या.

यापुढचें पाऊल अगदीं अलीकडचें आहे. केंद्रीय मंत्रिमंडळानें २५ नोव्हेंबर २०२४ रोजीं ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ या योजनेस मान्यता दिली. २०२५, २०२६ व २०२७ या तीन वर्षांसाठीं ६,००० कोटि रुपये, ३० प्रकाशक, सुमारें १३,००० नियतकालिकें आणि ६,३०० हून अधिक संस्था, असा तिचा आवांका असून व्यवस्था इन्फ्लिबनेटकडे आहे. येथें संघाची कल्पना आपल्या टोंकास पोंचली आहे: ग्राहक एकच, आणि तो म्हणजे देशाचें सरकार.

(३) कार्यपद्धति

संघाचा सर्व व्यवहार करारावर चालतो, म्हणून कराराचीं कलमें आपल्यासारख्यांनींहि समजून घेतलीं पाहिजेत. त्यांत मुख्य बाबी चार असतात. वाचण्याचा अधिकार कोणास, काय वाचावयास मिळणार, किती काळपर्यंत, आणि वाचलेल्याचा उपयोग कोणत्या मर्यादेंत करावयाचा. एकादा लेख स्वतःच्या अभ्यासासाठीं उतरून घेण्यास सामान्यतः हरकत नसते. सबंध नियतकालिकाचे सर्व अंक उतरून सांठवूं लागल्यास प्रकाशक त्या संस्थेचा प्रवेश बंद करूं शकतो.

प्रवेश देण्याच्या रीती दोन आहेत. एका रीतींत संस्थेच्या आवारांतील संगणकांचे पत्ते प्रकाशकास कळविलेले असतात, व त्या आवारांत बसून कोणीहि सभासद वाचूं शकतो. दुसरींत प्रत्येक वाचकास स्वतंत्र नांव व परवलीचा शब्द मिळतो. ‘एन-लिस्ट’नें ही दुसरी रीत पत्करली. महाविद्यालयानें वर्षाला सुमारें पांच हजार रुपये वर्गणी व वरील कर भरावा, आपल्या अध्यापक-विद्यार्थ्यांची यादी पाठवावी, आणि मग त्यांनीं घरींसुद्धां वाचावें, असा तो बेत होता. एकाद्या परदेशी नियतकालिकाच्या एका वर्षाच्या किंमतीशीं तुलना करतां ही रक्कम क्षुल्लक होती.

हस्तलिखितांच्या अभ्यासकांस परवलीच्या शब्दाचें नवल वाटावयास नको. महानुभावांनीं आपले ग्रंथ सकळ, सुंदरी इत्यादि सांकेतिक लिप्यांत लिहून ठेविले, त्यामुळें पोथी हातीं असूनहि पंथाबाहेरच्यास ती शतकानुशतकें मुकी राहिली. विसाव्या शतकाच्या आरंभीं राजवाड्यांनीं सकळ लिपीची उकल केली, तेव्हां तो भांडार सर्वांस खुला झाला. या लिप्यांना एक गुण मात्र होता. किल्ली एकदां ज्याला कळली त्याच्यापासून ती कोणाला काढून घेतां आली नाहीं. आजचा परवलीचा शब्द वर्गणी संपतांच निकामी होतो.

(४) बीड जिल्ह्याची स्थिति

बीड जिल्ह्यांत ११ तालुके. येथील महाविद्यालयें छत्रपती संभाजीनगर येथील डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाशीं संलग्न आहेत, आणि तें विद्यापीठ १९५८ सालचें. तत्पूर्वींच्या दीर्घ निजामी राजवटींत उच्च शिक्षणासाठीं येथील विद्यार्थ्यास हैदराबादेस किंवा संस्थानाबाहेर जावें लागे. जिल्ह्याच्या मुख्य शहरास आगगाडी पोंचली ती २०२५ सालीं. जुने आणि दुर्मिळ ग्रंथ विकत घेऊन मोठीं ग्रंथालयें उभारावीं असा पैसाहि येथें नव्हता व तेवढा काळहि मिळाला नाहीं. पुण्यामुंबईच्या शंभर-सवाशें वर्षांच्या ग्रंथालयांशीं येथील महाविद्यालयांनीं छापील ग्रंथांच्या संख्येंत बरोबरी करावी हें शक्यच नाहीं. संघाचें महत्त्व अशा जिल्ह्यांतच अधिक. कारण परवलीचा शब्द पुण्यांत आणि पाटोद्यांत सारखाच चालतो.

तरी एक अडचण येथें स्पष्ट केली पाहिजे. ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ ही योजना मंजूर झाली ती केंद्र व राज्य शासनांच्या व्यवस्थापनाखालील उच्च शिक्षणसंस्था व केंद्रीय संशोधनसंस्था यांच्यासाठीं. अंबाजोगाईचें १९७४ सालीं निघालेलें स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय शासकीय आहे. परंतु बीडचीं बलभीम व मिल्लिया, परळीचें वैद्यनाथ, अंबाजोगाईचें स्वामी रामानंद तीर्थ व खोलेश्वर, हीं कला-विज्ञानादि शाखांचीं नांवाजलेलीं महाविद्यालयें शिक्षणसंस्थांनीं काढलेलीं व त्यांच्याच व्यवस्थापनाखालचीं आहेत. इतिहास आणि मराठी हे विषय ज्यांत शिकविले जातात व ज्यांतून जुन्या कागदपत्रांचे अभ्यासक निघावयाचे तीं महाविद्यालयें हींच. तेव्हां अशा प्रत्येक महाविद्यालयानें आपण कोणत्या योजनेंत, कोणत्या अटींवर व कोणत्या तारखेपर्यंत बसतों हें इन्फ्लिबनेटकडून लेखी विचारून घेणें अगत्याचें आहे. योजना देशाची आहे म्हणून ती आपोआप आपल्या दाराशीं येईल असें धरून चालूं नये.

(५) इतिहासाभ्यासकास काय मिळतें

या संघांची घडण मुख्यतः विज्ञानाच्या गरजेंतून झाली, हें खरें. तरीहि इतिहासाच्या अभ्यासकानें हात हालवीत परत जावें असें नाहीं. ‘जेस्टोर’ नांवाचा जुन्या विद्वत्-नियतकालिकांचा संग्रह अमेरिकेंत १९९५ सालीं स्थापन झाला व ‘एन-लिस्ट’च्या सूचींत त्याचा अंतर्भाव केलेला होता. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या ‘अ‍ॅनल्स’चे जुने अंक व भारतीय इतिहास परिषदेचीं कार्यवृत्तें त्यांत आहेत. पुण्यांत छापलेला लेख अंबाजोगाईच्या वाचकास अमेरिकेंतील संग्रहामार्फत, गुजराथेंतील केंद्राच्या करारानें मिळावा, हें ऐकून हंसूं येईल. पण मिळतो ही गोष्ट खरी. अशा संग्रहांत पुष्कळ नियतकालिकांचे अगदीं अलीकडच्या कांहीं वर्षांचे अंक नसतात. ते प्रकाशकाकडून निराळे घ्यावे लागतात, हें ध्यानांत असावें.

दुसरें मोठें साधन ‘शोधगंगा’. विद्यापीठ अनुदान आयोगानें २००९ सालीं नियम करून विद्यावाचस्पति पदवीचे प्रबंध इलेक्ट्रॉनिक स्वरूपांत देणें विद्यापीठांस आवश्यक केलें, आणि ते ‘शोधगंगा’ या खुल्या भांडारांत ठेविले जाऊं लागले. तेथें परवलीच्या शब्दाची गरज नाहीं. एकाद्या तालुक्याच्या देवस्थानांवर, इनामांवर किंवा स्थानिक बोलीवर कोणी प्रबंध लिहिला आहे काय, हें पूर्वीं त्या त्या विद्यापीठाच्या ग्रंथालयांत जाऊन विचारल्यावांचून कळत नसे. आतां घरीं बसून कळतें. मात्र ज्या मराठी प्रबंधांच्या पानांचीं नुसतीं छायाचित्रें चढविलेलीं आहेत त्यांच्या आंत शब्द शोधतां येत नाहीं. तेथें ग्रंथनामावरून अंदाज बांधून अनुक्रमणिका उघडावी, ही जुनीच रीत चालवावी लागते.

आतां प्रश्न राहिला महाविद्यालयाबाहेरच्या अभ्यासकाचा, आणि या पृष्ठांचे बहुतेक वाचक तेच आहेत. निवृत्त शिक्षक, वकील, वतनदार घराण्यांतील वंशज, गांवचे वैद्य, ज्यांनीं महाराष्ट्रांत कागदपत्रांचें संशोधन खरोखर केलें ते लोक कोणत्याच महाविद्यालयाच्या यादींत नसतात. पण पुष्कळ करारांत ग्रंथालयांत प्रत्यक्ष येऊन बसणाऱ्या पाहुण्या वाचकास तेथल्या संगणकावर वाचूं देण्याचें कलम असतें. आपल्या जवळच्या महाविद्यालयाच्या करारांत तें आहे कीं नाहीं, याची चौकशी संग्राहकांनीं ग्रंथपालाकडे अवश्य करावी. यावांचूनहि कांहीं दारें उघडीं आहेत. जेस्टोरनें २०११ सालीं आपल्या संग्रहांतील सर्वांत जुने, हक्क संपलेले लेख सर्वांस मोकळे केले. राजवाड्यांचा मृत्यु १९२६ अखेर झाला. आपल्या देशांत ग्रंथकाराचा हक्क त्याच्या निधनानंतर ६० वर्षें टिकतो, अर्थात् राजवाड्यांचे ग्रंथ पुन्हा प्रसिद्ध करण्यास किंवा त्यांचीं छायाचित्रें वांटण्यास आतां कोणाची आडकाठी नाहीं.

(६) अधिकार आणि मालकी

येथवर जमेची बाजू पाहिली. आतां खर्चाची. छापील त्रैमासिकाची वर्गणी बंद केली तरी आलेले अंक कपाटांत राहतात. १९४० सालचा अंक आज उघडून वाचतां येतो, मग १९४१ सालीं वर्गणी भरली असो वा नसो. इलेक्ट्रॉनिक वर्गणींत असें नाहीं. करारांत कायमच्या प्रवेशाचें कलम नसेल, तर वर्गणी थांबतांच मागच्या वर्षांचे अंकहि दृष्टीआड होतात. दहा वर्षें पैसे भरलेल्या ग्रंथालयापाशीं अखेरीस एक पानहि उरत नाहीं. शिवाय करार सर्वांच्या वतीनें मध्यवर्ती कार्यालय करीत असल्यामुळें योजनेचें नांव किंवा स्वरूप बदललें कीं कोणतें साधन राहिलें व कोणतें गेलें हें महाविद्यालयास मागाहून कळतें.

हा दोष परदेशांतील ग्रंथपालांच्याहि लक्षांत आला, व त्यांनीं त्यावर उपाय योजिले. अमेरिकेंतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या ग्रंथालयानें १९९९ सालीं ‘लॉक्स’ नांवाची व्यवस्था आरंभिली. निरनिराळ्या ग्रंथालयांनीं आपण पैसे भरलेल्या अंकांच्या प्रती आपापल्या संगणकांत ठेवाव्या, त्या संगणकांनीं आपसांत प्रती ताडून पाहाव्या, आणि एके ठिकाणची प्रत बिघडली तर दुसरीकडच्या चांगल्या प्रतीवरून ती सुधारून घ्यावी, अशी ती योजना. पाठभेद ताडून संहिता सिद्ध करणाऱ्यांस हें तत्त्व नव्यानें समजावून सांगावयास नको. पुष्कळ ठिकाणीं पुष्कळ प्रती, हाच ग्रंथरक्षणाचा जुना मंत्र आहे.

बीडच्या महाविद्यालयांस यावरून एवढेंच घ्यावयाचें कीं, संघाची वर्गणी भरली म्हणून ग्रंथ घेणें व बांधून ठेवणें बंद करूं नये. विशेषतः मराठी संशोधन-त्रैमासिकें, जिल्ह्याविषयींचे ग्रंथ, स्थानिक छापखान्यांतून निघालेलीं पुस्तकें व स्मरणिका या कोणत्याहि संघाच्या सूचींत येण्याचा संभव फार थोडा. त्या जिल्ह्यांतच राखल्या नाहींत तर त्या कोठेंच राहणार नाहींत.

(७) संघांत जें नाहीं तें

यांतूनच मुख्य मुद्दा निघतो. तेरा हजार नियतकालिकांच्या सूचींत बीड जिल्ह्याचें स्वतःचें साधन कितीसें आहे?

अंबाजोगाईस आद्यकवि मुकुंदराजांची समाधि आहे. तेथेंच दासोपंत झाले. १५५१ ते १६१५ हा त्यांचा काळ. सव्वा लाख ओव्यांचा म्हणून प्रसिद्ध असलेला ‘गीतार्णव’ त्यांचा, आणि कापडावर लिहिलेली त्यांची ‘पासोडी’ तर आपल्या वाङ्मयांतील एक अपूर्व वस्तु. कागद-भूर्जपत्रें पाहिलेल्या संशोधकासहि कापडावरचा एवढा मोठा ग्रंथ क्वचितच दिसेल. अंबाजोगाईच्या मंदिरांतील यादवकालीन शिलालेखांत सिंघणाचा सेनापति खोलेश्वर याच्या घराण्याची हकीकत आहे. गेवराई तालुक्यांत गोदातीरीं पांचाळेश्वर हें महानुभावांचें मोठें स्थान. याखेरीज देशमुख-देशपांडे, कुलकर्णी, काझी, मठपति यांच्या घरांतील मोडी व फारसी कागद निराळेच. १९४८ पर्यंत जिल्हा हैदराबाद संस्थानांत असल्यामुळें सरकारी कागदांचा मोठा भाग हैदराबादच्या दप्तरखान्यांत आहे, व तो दप्तरखाना आज तेलंगण राज्याचा. म्हणजे बीडच्या इतिहासाचीं साधनें बीड, छत्रपती संभाजीनगर, पुणें, धुळें व हैदराबाद इतक्या ठिकाणीं विखुरलेलीं. आणि कोठें काय आहे हें दाखविणारी एकत्र यादी अभ्यासकाच्या हातीं नाहीं.

राष्ट्रीय पांडुलिपि मिशन २००३ सालीं निघालें. २०२५ सालच्या केंद्रीय अंदाजपत्रकांत एक कोटीहून अधिक हस्तलिखितांच्या नोंदणी-रक्षणासाठीं ‘ज्ञान भारतम्’ मिशनची घोषणा झाली. परंतु गांवांतील कोणत्या माळ्यावर बाड आहे हें दिल्लीस कळत नाहीं. तें गांवच्या माणसास ठाऊक असतें, आणि त्याचा मुलगा तालुक्याच्या महाविद्यालयांत शिकत असतो. खालून वर माहिती पोंचविण्याचा सर्वांत जवळचा मार्ग महाविद्यालयाच्या ग्रंथालयांतून जातो.

(८) एक सूचना

ओहायोच्या महाविद्यालयांनीं सूचीपासून आरंभ केला, तसाच बीडच्या महाविद्यालयांनीं करावा. इच्छा असलेल्या पांच-सहा ग्रंथालयांनीं एक समाईक नोंदपत्रक ठरवावें. त्यांत ग्रंथनाम, कर्ता, नकल करणाऱ्याचें नांव, शक, लिपि, भाषा, पत्रसंख्या, लांबी-रुंदी, आरंभ व समाप्तीचीं वाक्यें, पूर्णापूर्णता आणि सध्यांची अवस्था एवढे रकाने पुरे. सुट्या कागदासाठीं तारीख, देणारा-घेणारा, गांव, विषय व शिक्का हे रकाने घ्यावे. यास मोठें यंत्र लागत नाहीं. मोडी वाचणारे दोघे-तिघे व चिकाटी लागते. मोडीचे वर्ग महाविद्यालयानेंच चालवावे. विद्यार्थ्यांस वाचावयास खरा कागद मिळेल व नोंदीहि तयार होतील.

नोंद झाल्यावर छायाचित्र. मूळ छायाचित्र न दाबलेल्या, पूर्ण तपशिलाच्या स्वरूपांत ठेवावें, व वाचकांस देण्यासाठीं त्यावरून लहान प्रत करावी. प्रत्येक पानाशेजारीं मोजपट्टी असावी. पोथीचें बासन, पुठ्ठा, कोरीं पानें, समासांतील खुणा हेंहि टिपावें. पाटांगणाच्या पोथीबद्दल आज जे प्रश्न अनुत्तरित राहिले आहेत ते नेमके याच प्रकारचे आहेत. प्रती किमान तीन ठिकाणीं ठेवाव्या: एक मालकाकडे, एक महाविद्यालयांत, एक जिल्ह्याबाहेरच्या एकाद्या संशोधनसंस्थेंत. भांडारकर संस्थेवर ५ जानेवारी २००४ रोजीं झालेला हल्ला ज्यांच्या स्मरणांत आहे त्यांस तिसऱ्या प्रतीचें कारण सांगावें लागणार नाहीं.

(९) संग्राहकांच्या शंका

या कामांत खरी अडचण पैशाची नसून विश्वासाची आहे. घरांतील पोथी देव्हाऱ्यांत असते. ती बाहेर दाखविणें अनेकांस रुचत नाहीं. शिवाय पूर्वीं पाहावयास म्हणून नेलेलीं दप्तरें परत आलीं नाहींत, असे अनुभव कित्येक घराण्यांच्या गांठीं आहेत. संग्राहकांच्या या शंका रास्त आहेत व त्यांस तशींच स्पष्ट उत्तरें दिलीं पाहिजेत.

पहिली शंका, पोथी जाईल. यावर उपाय हा कीं, पोथीनें घर सोडूंच नये. छायाचित्रकार घरीं यावा आणि काम मालकाच्या डोळ्यांसमोर व्हावें. दुसरी, नांव जगजाहीर झाल्यानें चोराचें फावेल. यासाठीं सूचींत गांव व घराणें यांचा उल्लेख मालकाच्या इच्छेनें ठेवावा वा गाळावा. अभ्यासकास नोंद-क्रमांक पुरतो. उलट, नोंद व छायाचित्र असलेली पोथी चोरीस गेली तर ती ओळखतां व परत मागतां येते. नोंद नसलेलीबद्दल तक्रार तरी कशाच्या आधारानें करावयाची? १९७२ च्या पुरावस्तु कायद्याप्रमाणें ७५ वर्षांहून जुन्या, ऐतिहासिक किंवा वाङ्मयीन महत्त्वाच्या हस्तलिखितांची गणना पुरावस्तूंत होते व त्यांची खाजगी निर्यात निषिद्ध आहे. पण कायद्याचा उपयोग वस्तु ओळखतां आली तरच. तिसरी शंका, दुसराच कोणी छापून श्रेय घेईल. दासोपंतांच्या काळच्या ग्रंथावर कोणाचा लेखनहक्क उरलेला नाहीं; परंतु छायाचित्र कोणाच्या संग्रहांतील आहे हें छापण्याचें बंधन लेखी करारानें घालतां येतें. करार मराठींत, एका पानाचा, दोन प्रतींत असावा, व छायाचित्रें कोणास, किती काळ, कोणत्या उपयोगास मिळतील हें त्यांत लिहावें. मोठमोठे प्रकाशक आपल्या करारांत हींच कलमें घालतात. मग बीडच्या पोथीमालकानें तीं कां घालूं नयेत?

(१०) समारोप

संघाच्या द्वारें आलेली ग्रंथसंपत्ति बीडच्या अभ्यासकानें अवश्य वापरावी. ती न वापरणें म्हणजे वाढलेलें ताट लोटणें होय. परंतु ती दुसऱ्याच्या कोठारांतली आहे व तिचा करार मुदतीचा आहे. चालू योजनेसाठीं मंजूर झालेलीं तीन वर्षें २०२७ अखेर पुरीं होतात. पुढें ती वाढेल, बदलेल किंवा अधिक संस्थांस आपल्यांत घेईल, तें दिल्लींत ठरेल. अंबाजोगाईच्या देवघरांत, पांचाळेश्वरच्या मठांत आणि धारूर-केजच्या वाड्यांत जें आहे त्याची यादी मात्र बीडकरांनींच केली पाहिजे, आणि तिला कोणत्याहि वर्गणीची वाट पाहावी लागत नाहीं. ज्या संग्राहकांपाशीं बीड जिल्ह्यांतील पोथ्या किंवा कागद असतील त्यांनीं निदान ग्रंथनाम, शक व पत्रसंख्या एवढी तीन रकान्यांची यादी आपल्या जवळच्या महाविद्यालयाच्या ग्रंथपालाकडे नेऊन द्यावी. एका संध्याकाळचें तें काम आहे.